कचऱ्याखालचे मातीचे अस्तर

शहराचा कचरा शास्त्रशुद्ध रीतीने पुरायचा असेल, तर पहिली गाडी रिकामी होण्याआधी खड्ड्याच्या, म्हणजे लँडफिलच्या, तळाला अस्तर घालावे लागते. भाजीपाल्याचा आणि उरल्यासुरल्या अन्नाचा ओलावा कचऱ्यात असतोच. त्यात पावसाचे पाणी मुरते आणि कुजत्या ढिगातून काळपट, उग्र वासाचा द्रव तळाकडे उतरू लागतो. त्याला लिचेट म्हणतात. सेंद्रिय आम्ले, अमोनिया, क्लोराइड, थोड्याफार प्रमाणात शिसे, क्रोमियम, निकेल यांसारखे धातू आणि घराघरांतून आलेल्या रंग-रसायनांचे अंश असा सगळा माल त्यात असतो. तो भूजलात उतरला, की आसपासच्या विहिरी आणि बोअरवेल गेल्याच म्हणायच्या. नासलेले भूजल पुन्हा शुद्ध करणे हे नदी शुद्ध करण्यापेक्षाही अवघड आणि खर्चिक काम आहे. म्हणून लिचेट खाली मुरू न देता तळावर अडवायचे, नळ्यांनी एका टाकीत आणायचे आणि तिथून प्रक्रियेला पाठवायचे. त्यातले अडवण्याचे काम अस्तराचे. हे अस्तर जगभर प्रामुख्याने दोन वस्तूंचे केले जाते : दाबून बसवलेली चिकणमाती आणि जाड प्लास्टिकचा कागद.

चिकणमातीचा हा उपयोग जुन्याच विद्येतून आलेला आहे. महाराष्ट्रातल्या मातीच्या धरणांत मध्यभागी काळ्या मातीचे हार्टिंग आणि दोन्ही अंगांना मुरुमाचे केसिंग असते. पाणी अडवते ते हार्टिंग. केसिंग त्याला आधार देते आणि उन्हापासून सांभाळते. लँडफिलचे अस्तर म्हणजे हेच हार्टिंग आडवे अंथरलेले. मात्र धरणातून थोडे पाणी झिरपले तर फारसे बिघडत नाही, खालच्या विहिरींना ते पावतेच. लँडफिलखाली झिरपलेला प्रत्येक लिटर घाण असतो. शिवाय साठ्याच्या पाण्यामुळे हार्टिंग सहसा ओले राहते. अस्तराच्या नशिबी तो ओलावा असेलच असे नाही.

चिकणमातीचे कण २ मायक्रॉनपेक्षा बारीक असतात आणि वाळूसारखे गोलसर नसून पापुद्र्यांसारखे चपटे असतात. या पापुद्र्यांच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असतो. त्यामुळे सोडियम, कॅल्शियम यांसारखे धनभारित आयन आणि त्यांच्यासोबत पाणी कणांना चिकटून बसते. कणांमधल्या फटी आधीच अतिसूक्ष्म; त्यातला बराच भाग या चिकटलेल्या पाण्याने व्यापला जातो आणि वाहत्या पाण्याला वाट उरते ती अगदी चिंचोळी. कोणते खनिज आहे यावरही बरेच अवलंबून असते. केओलिनाइट फारसे फुगत नाही, मॉन्टमोरिलोनाइट भरपूर फुगते. कच्छमध्ये आणि राजस्थानात सापडणाऱ्या बेंटोनाइटमध्ये मॉन्टमोरिलोनाइटचेच प्रमाण मोठे असते. सोडियम-बेंटोनाइटची भुकटी पाण्यात टाकली, की ती आपल्या मूळ आकारमानाच्या कित्येक पट फुगून लापशीसारखी होते.

माती पाणी किती वेगाने जाऊ देते याचे माप म्हणजे पारगम्यता. फ्रान्समधल्या दिजाँ शहराची पाणीयोजना उभारणाऱ्या आंरी दार्सी या अभियंत्याने १८५६ मध्ये वाळूच्या गाळण्यांवर प्रयोग करून तिचा नियम मांडला. थरातून जाणारा प्रवाह मातीच्या पारगम्यतेच्या आणि पाण्याच्या दाबातील उताराच्या प्रमाणात असतो, असा तो साधा नियम. लँडफिलच्या अस्तरासाठी अनेक देशांनी एकच मर्यादा धरली आहे : सेकंदाला सेंटिमीटरचा एक कोटीवा हिस्सा, यापेक्षा जास्त पारगम्यता नको. भारतात नागरी घनकचऱ्याच्या २००० सालच्या नियमांनी ९० सेंटिमीटर जाडीचा असा मातीचा थर आणि त्यावर १.५ मिलिमीटर जाडीचा एचडीपीई प्लास्टिकचा कागद सक्तीचा केला. भूजलाची सर्वांत वरची पातळी या थराच्या तळापासून किमान २ मीटर खाली असावी, अशीही अट घातली. २०१६ च्या नियमांत हे सगळे कायम राहिले. अमेरिकेने १९९१ च्या नियमांत मातीची जाडी ६० सेंटिमीटर ठेवली. युरोपीय संघाच्या १९९९ च्या निर्देशात साध्या कचऱ्याला १ मीटर आणि घातक कचऱ्याला ५ मीटर जाडीचा किंवा तितकाच परिणामकारक थर सांगितला आहे.

एक कोटीवा हिस्सा म्हणजे शून्य नव्हे, हे हिशेब मांडल्यावर कळते. ९० सेंटिमीटर थरावर ३० सेंटिमीटर लिचेट साचले आहे, असे धरू. दार्सीच्या नियमाने वर्षाला सुमारे ४ सेंटिमीटर द्रव थरातून पार होतो. आकडा किरकोळ वाटतो. पण १ हेक्टरवर तो वर्षाला ४ लाख लिटरच्या वर जातो, म्हणजे दिवसाला साधारण १,१०० लिटर. थराच्या वरच्या बाजूने निघालेला द्रव खालच्या बाजूला पोचायला आठ-नऊ वर्षे लागतात. नियम पाळून, नीट बांधलेल्या मातीच्या अस्तराची ही कामगिरी. भिंत म्हणून त्याच्याकडे पाहणाऱ्याची निराशा होईल. ब्रेक म्हणून ते उत्तम आहे. तळावरची लिचेटची पातळी ३० सेंटिमीटरच्या आत ठेवण्याचा आग्रह याचसाठी धरला जातो. अस्तराच्या वरचा खडीचा थर आणि नळ्या गाळाने, चुनखडीने किंवा जिवाणूंच्या बुळबुळीत वाढीने तुंबल्या, की पातळी चढते आणि तेच अस्तर जास्त गळू लागते.

मातीच्या जोडीला प्लास्टिक का लागते, हेही याच हिशेबातून दिसते. शेततळ्याच्या अस्तरीकरणाला ५०० मायक्रॉनचा कागद वापरतात. लँडफिलमधला कागद त्याच्या तिप्पट जाड असतो. अखंड प्लास्टिकमधून पाणी जवळपास जातच नाही. पण पट्टे जोडताना सांधा सुटतो, खडी टोचते, यंत्राचा दात लागतो. चांगल्या देखरेखीखालच्या कामातही हेक्टरी काही छिद्रे राहतात, असे धरूनच आराखडा केला जातो. १ चौरस सेंटिमीटरचे एक छिद्र घ्या, वर ३० सेंटिमीटर लिचेट आहे आणि कागदाखाली नुसती खडी आहे. त्या एका छिद्रातून दिवसाला सुमारे १२,००० लिटर द्रव निघून जाईल. तोच कागद नियमाप्रमाणे दाबलेल्या चिकणमातीवर अगदी लागून बसवलेला असेल, तर जे. पी. जिरू या अभियंत्याने रूढ केलेल्या सूत्रांनुसार गळती दिवसाला अर्ध्या ते तीन लिटरच्या घरात येते. छिद्राखालची माती द्रवाला पसरू देत नाही, आणि जेवढा भाग भिजतो तेवढ्यातूनच झिरप होते. एकट्या मातीला जे जमत नाही आणि एकट्या प्लास्टिकलाही जमत नाही, ते दोघे मिळून करतात. अट एकच : दोघांत पोकळी नको. कागदाला सुरकुती पडली, की तिच्याखाली द्रवाला पळायला बोगदाच मिळतो. उन्हात प्लास्टिक फुगून सुरकुत्या उठतात, म्हणून कागद बसवून झाकण्याचे काम सकाळच्या थंड वेळी करण्याचा प्रघात आहे.

आता मातीच्या कामाकडे. अस्तराचे खरे यशापयश इथेच ठरते, आणि दुर्लक्षही इथेच सर्वांत जास्त होते. प्रयोगशाळेत मातीचा नमुना बारीक करून, चाळून, मोजून पाणी घालून साच्यात ठोकतात. त्याची पारगम्यता हवी तशी येते आणि अहवालावर शिक्का बसतो. शेतातून किंवा खाणीतून डंपरने आलेली माती मात्र ढेकळांची असते. अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठातील डेव्हिड डॅनियल यांनी १९८४ मध्ये प्रत्यक्ष बांधलेल्या काही अस्तरांची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांची जागेवरची पारगम्यता प्रयोगशाळेतल्या आकड्याच्या १० ते १,००० पट निघाली. प्रयोगशाळेचे आकडे खोटे नव्हते, पण मुठीएवढ्या नमुन्यात भेग, मूळ, ढेकळांमधली फट सहसा सापडत नाही. पाणी नेमके त्यांच्यातूनच जाते.

ढेकूळ मोडायचे तर पाणी लागते. लॉस एंजेलिसमधल्या राल्फ प्रॉक्टर या अभियंत्याने १९३३ मध्ये दाखवले, की प्रत्येक मातीला एक ठरावीक ओलावा असतो. त्या ओलाव्याला ती दाबल्यावर सर्वांत घट्ट बसते. धरणाचा भराव याच आकड्याभोवती करतात. अस्तराचे काम मात्र त्याच्यापेक्षा दोन ते चार टक्के जास्त ओलाव्यावर करावे लागते. त्या आकड्याच्या कोरड्या बाजूला दाबलेल्या मातीचे ढेकूळ कापून पाहिले, तर घनता उत्तम असूनही आत लहान-लहान खडे जसेच्या तसे आणि त्यांच्यात काळ्या रेघांसारख्या फटी दिसतात. ओल्या बाजूला दाबलेल्या मातीचा काप मळलेल्या कणकेसारखा एकजीव, चकचकीत दिसतो. दोन्हींची घनता सारखी असली, तरी पारगम्यतेत शंभर-शंभर पटींचा फरक पडतो. म्हणून ‘कमाल घनतेच्या ९५ टक्के घनता मिळाली’ एवढ्यावर समाधान मानणारा पर्यवेक्षक अस्तराच्या कामाला उपयोगाचा नाही. त्याने ओलावाही तितक्याच काटेकोरपणे तपासला पाहिजे.

काम असे चालते. माती पसरून, ढेकळे फोडून, पाणी मारून ती एक-दोन दिवस मुरू देतात. मग साधारण २० ते २२ सेंटिमीटरचा सैल थर पसरतात आणि त्यावरून खुंट्या असलेला जड शीपफूट रोलर फिरवतात. खुंट्या थराच्या पार जाऊन खालच्या थरात रुततात, माती मळली जाते आणि दोन थर एकमेकांत गुंततात. दाबून १५ सेंटिमीटर झालेल्या या थराचा पृष्ठभाग खरवडून त्यावर पुढचा थर येतो. ९० सेंटिमीटरला असे सहा थर. गुळगुळीत रोलर फिरवून थरावर थर नुसते ठेवत गेले, तर दोन थरांमधल्या सांध्यात द्रव आडवा पळतो आणि जिथे खालच्या थरातली भेग सापडेल तिथे उतरतो. मोठ्या कामाआधी एक चाचणी-चौथरा बांधून त्यावर जागेवरच पारगम्यता मोजण्याची पद्धत आहे. झाकलेल्या दुहेरी कड्याच्या या चाचणीला कित्येक आठवडे लागतात. ठेकेदाराला ते नकोसे होते, हे वेगळे सांगायला नको.

नैसर्गिक चिकणमातीवर विसंबून राहिल्याने काय होते, याचे गाजलेले उदाहरण अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातल्या विल्सनव्हिल गावचे आहे. गावाच्या कडेला १९७० च्या दशकात घातक रसायनांची पिंपे पुरण्यासाठी खंदक खणले गेले. जमीन हिमनद्यांनी आणून टाकलेल्या चिकण गाळाची होती. ती पाणी जाऊ देणार नाही असे चाचण्या सांगत होत्या, म्हणून वेगळे अस्तर घातले नाही. गावकरी कोर्टात गेले आणि १९८१ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल देऊन जागा बंद करून साफ करण्याचा आदेश कायम ठेवला. पुढे राज्याच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने तपासले, तेव्हा सेंद्रिय रसायने तीन वर्षांत सुमारे १५ मीटरपर्यंत सरकलेली आढळली. हा वेग अंदाजाच्या १०० ते १,००० पट होता. जमिनीतल्या जुन्या भेगा आणि सांधे लहान नमुन्यांच्या चाचण्यांत सापडलेच नव्हते.

महाराष्ट्राच्या दृष्टीने प्रश्न काळ्या मातीचा. बेसाल्टच्या झिजेतून बनलेली ही माती मॉन्टमोरिलोनाइटने भरलेली आहे. ओली असताना तिची पारगम्यता नियमाच्या आत सहज बसते, आणि दख्खनच्या पठारावर ती मुबलक आहे. अडचण उन्हाळ्याची. एप्रिल-मे महिन्यांत कोरडवाहू रानात पडलेल्या भेगांत हात कोपरापर्यंत जातो, हे शेतकऱ्याला ठाऊक असते. दाबून पूर्ण केलेला थर चार दिवस उघडा राहिला, तरी त्यावर केसासारख्या चिरा उमटू लागतात. पुढे ओल लागली की माती फुगून चिरा मिटतात, पण सगळ्याच मिटतात असे नाही. शिवाय ओल्या काळ्या मातीची ढेकळे इतकी चिवट असतात, की रोलरच्या खुंट्यांना चिकटून येतात. कोरडी झाली की विटेसारखी होतात. फार चिकट मातीपेक्षा मध्यम चिकट माती अस्तराला बरी, असा अभियंत्यांचा अनुभव आहे. कोकणातल्या जांभ्या दगडावरच्या मातीची अडचण उलटी : ती भेगाळत नाही, पण तिच्यात केओलिनाइट आणि लोहाचे खडे जास्त, त्यामुळे पाणी अडवण्याची ताकद कमी. अशा ठिकाणी स्थानिक मातीत थोड्या टक्क्यांत बेंटोनाइट मिसळून ती सुधारता येते, आणि नियमांनाही अशी सुधारित माती चालते. मिश्रण सगळीकडे सारखे झाले पाहिजे, ही त्यातली खरी परीक्षा.

कागद अंथरल्यावरही मातीवरचे संकट टळत नाही. कचरा येईपर्यंत महिनोन् महिने उघडा राहिलेला काळा कागद उन्हात तापतो. त्याखालच्या मातीतले पाणी वाफ होऊन कागदाला लागते, रात्री त्याचे थेंब होतात आणि उतारावरून खाली ओघळतात. उताराची माती अशी हळूहळू सुकते आणि तळाशी चिखल होतो. कागदावर लगेच खडीचा किंवा मातीचा संरक्षक थर टाकणे हाच यावरचा सोपा उपाय.

माती आणि कागद यांच्या सांध्याचा दुसरा धोका घसरण्याचा. १९ मार्च १९८८ रोजी कॅलिफोर्नियातल्या केटलमन हिल्स येथील घातक कचऱ्याच्या लँडफिलमध्ये सुमारे २७ मीटर उंचीचा ढीग काही तासांत १० मीटरहून अधिक आडवा सरकला आणि ४ मीटरपर्यंत खचला. तपासात दोष निघाला तो अस्तराच्या थरांमधल्या निसरड्या सांध्यांचा, विशेषतः गुळगुळीत प्लास्टिक आणि ओली चिकणमाती यांच्यामधल्या सांध्याचा. गळती कमी व्हावी म्हणून माती ओली हवी आणि ढीग टिकावा म्हणून ती फार ओली नको, असा हा पेच आहे. उतारावर खरखरीत पृष्ठभागाचा कागद वापरून तो बराचसा सोडवला जातो.

पाण्याची झिरप थोपवली तरी एक वाट उरते, ती विसरणाची. विरघळलेले पदार्थ जास्त तीव्रतेकडून कमी तीव्रतेकडे आपोआप सरकतात. त्यासाठी पाणी वाहावे लागत नाही. कॅनडातल्या सार्निया गावाजवळ जाड नैसर्गिक चिकणमातीवर टाकलेल्या कचऱ्याखाली संशोधकांनी नमुने काढले, तेव्हा पाण्याचा प्रवाह जवळपास नसतानाही क्लोराइड आणि सोडियम खोलवर उतरलेले सापडले. जड धातू मात्र वरच्या थोड्या थरातच अडकले होते. मातीचे ऋणभारित कण शिसे, जस्त यांसारखे धनभारित आयन धरून ठेवतात. क्लोराइड ऋणभारित असल्याने त्याला मोकळीक असते. ९० सेंटिमीटरच्या थरातून ते कालांतराने पलीकडे दिसू लागते. प्लास्टिकचे गुण नेमके उलटे : क्लोराइडला ते जवळजवळ पूर्ण अडवते, पण बेंझीनसारखी सेंद्रिय द्रव्ये अखंड प्लास्टिकमधूनही विसरणाने पार होतात. त्यांना रोखायचे ते खालच्या मातीच्या जाडीनेच. थर दोन-चार इंच कमी केला तर काय बिघडते, या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे.

लिचेटचा मातीवर रासायनिक परिणामही होतो. त्यातले कॅल्शियम आणि इतर क्षार बेंटोनाइटमधल्या सोडियमची जागा घेतात. माती कमी फुगते आणि पारगम्यता वाढते. तीव्र सेंद्रिय द्रावके तर मातीला आक्रसून भेगा पाडतात. म्हणूनच घातक कचऱ्याच्या जागी दुहेरी अस्तर आणि दोन अस्तरांमध्ये गळती पकडणारा थर घालतात. बेंटोनाइटची भुकटी दोन कापडी थरांमध्ये शिवलेली तयार चटई १९८० च्या दशकापासून मिळू लागली. ती जेमतेम सेंटिमीटरभर जाड असते, गुंडाळीतून झटपट अंथरता येते आणि शुद्ध पाण्याला ९० सेंटिमीटर मातीपेक्षाही कमी वाट देते. पण क्षारांचा आघात आणि विसरण यांच्याशी लढायला तिच्याकडे जाडीच नाही. एखादा टोकदार दगडही तिला पुरतो.

भरलेल्या लँडफिलवर जे झाकण घालायचे, त्यातही नियमाप्रमाणे ६० सेंटिमीटर चिकणमाती असते. ही माती तळाच्या मातीपेक्षा लवकर बिघडते. तळाच्या अस्तरावर कचऱ्याचे प्रचंड वजन असते आणि ते चिरा दाबून मिटवते. झाकणावर वजन नाही, वरून ऊन, आतून मुळे आणि खालचा कचरा कुजत जाऊन खचत राहणार. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात ऑल्बनी येथे मोजमापासाठी मुद्दाम बांधलेल्या अशा झाकणाची पारगम्यता एका अवर्षणात भेगा पडल्यावर सुमारे हजारपट वाढली आणि नंतरच्या पावसाने ती पूर्ववत झाली नाही.

अस्तर नंतर घालता येत नाही, ही या तंत्राची सर्वांत मोठी मर्यादा आहे. मुंबईत देवनारला कचरा पडू लागला १९२७ पासून. अस्तराची सक्ती आली २००० मध्ये. अशा जुन्या क्षेपणभूमींखाली आज माती सरकवण्याचा कोणताही मार्ग नाही. पावसाचे पाणी आत जाऊ नये म्हणून वरून झाकण घालणे, भोवती खोल अडथळा-भिंत उभारणे, नाहीतर साठलेला कचरा उकरून, चाळून जागा रिकामी करणे, एवढेच पर्याय उरतात, आणि तिन्ही मार्ग वेळेवर घातलेल्या ९० सेंटिमीटर मातीपेक्षा महाग पडतात.